खोळीचं तोंड

"तर मग... कोणती घ्यायची?"

भन्ते उपसेनांनी विचारलं आणि प्रबोध सरसावून बसला. याच प्रश्नाची तो सकाळपासून वाट पाहत होता.

विहाराच्या ओसरीवर त्यानं दोन खोळी शेजारी शेजारी पसरल्या होत्या. एक राखाडी, पातळ, घडी केली तर ओंजळीत मावेल अशी. दुसरी निळी, जाड, ठिकठिकाणी विटलेली. डोंगरात फिरणारे लोक तिला बिव्ही म्हणतात. तंबूचं ओझं नको म्हणून एका माणसानं आत शिरून झोपायचं, एवढंच तिचं काम. प्रबोधही पुण्यात बिव्हीच म्हणायचा. सावरखिंडीत मात्र सगळे खोळ म्हणत, म्हणून तोही इथे खोळच म्हणत होता.

सावरखिंड हे त्याचं आजोळ. घाटाच्या पायथ्याची वस्ती, वस्तीच्या टोकाला विहार, आणि पावसाळाभर त्या विहारात मुक्कामाला असलेले भन्ते. वर्षावास संपला की भिक्खूला चीवरदान करायची रीत. यंदा महिला मंडळानं चीवराबरोबर, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राबरोबर, एक खोळही द्यायचं ठरवलं होतं. भन्ते आता चारिकेला निघणार, घाट चढून पलीकडच्या गावांमधून पायी फिरणार. वरच्या पठारावर ना घर, ना छप्पर. परतीचा पाऊस अजून अधूनमधून येतच होता.

"प्रबोधदादा सांगतील ती घेऊ," असं बायका म्हणाल्या होत्या. आणि का म्हणू नयेत? डोंगरात जायला काय घ्यावं, काय घेऊ नये, हे विचारायला त्याला कुठून कुठून फोन यायचे.

भन्ते चारिकेत आपल्याला सोबत नेतील, अशीही त्याची आशा होती. भन्ते हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. "आधी यादवरावांबरोबर एकदा वर जाऊन ये," एवढंच म्हणाले होते. यादवराव वस्तीतलेच, घाटाची वाट पाठ असलेले. "वाट बघ. झोपायची जागा बघ. खोळीसुद्धा बघून घे."

तो जाऊन आला होता.

"हीच," प्रबोधनं राखाडी खोळीवर हात ठेवला. "दुसरा विचारच नको."

"कशावरून?"

"वजनाला काहीच नाही. बाहेरचं पाणी आत येत नाही आणि अंगाची वाफ बाहेर जाते. दोन्ही जमणारं कापड फार थोडं असतं, भन्ते. बाकीच्या खोळी एक सांभाळतात, दुसरं सोडतात."

"आणि ही?" भन्त्यांनी निळीकडे पाहिलं.

"ती गळते."

"कसं कळलं?"

"वर पाऊस झाला ना परवा. यादवकाका हिच्यात होते. पार भिजले."

आपण काही वावगं बोललो असं त्याला वाटलं नाही. तो पुरावा देत होता.

भन्त्यांनी निळी खोळ मांडीवर ओढली. शिवणीवरून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. आतल्या बाजूची पट्टी सुटून लोंबत होती.

"यादवराव आज आले नाहीत."

"घरी आहेत. थोडा ताप आहे."

"थोडा?"

"दमा उसळलाय. डॉक्टर सुई देऊन गेले म्हणे."

"म्हणे?"

प्रबोध जरा गडबडला. "मीच तर त्यांना घरी आणून सोडलं, भन्ते. त्यांची सॅकसुद्धा मीच आणली, माझ्या सॅकवर चढवून."

"त्यानंतर गेलास?"

"... नाही. हे सगळं धुऊन वाळवायचं होतं. तुम्हाला दाखवायचं होतं."

विहारामागे कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"म्हणजे यादवराव भिजले," भन्ते म्हणाले, "आणि तू कोरडा राहिलास."

इथे नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. पण वस्तूबद्दल खरं तेच सांगायचं, याचा प्रबोधला अभिमान होता. चांगल्या वस्तूतली उणीवही तो लपवत नसे.

"अगदी कोरडा नाही. आत थोडी ओल आली होती."

"पाणी शिरलं?"

"छे! बाहेरचा थेंब नाही आला. माझ्याच श्वासाची वाफ. कापडाला लागून तिचं पाणी झालं."

"ही तर वाफ बाहेर सोडते म्हणालास."

"सोडते ना. पण तोंडाशी वीतभर फट ठेवावी लागते. तोंड पूर्ण मिटलं तर कुठलंच कापड पुरं पडत नाही. मी सगळ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो."

"तू ठेवली नव्हतीस?"

"ठेवली होती. आधी."

"मग पाऊस आला म्हणून मिटलंस."

भन्त्यांच्या स्वरात खोच नव्हती. त्यांनी आपणहून त्याला वाट दिली होती. पण ज्या वस्तूची तो इतकी वाखाणणी करत होता, तिच्यावर विनाकारण ठपका येतोय एवढंच प्रबोधला दिसलं आणि तो बोलून गेला.

"पावसानं कशाला? चेहऱ्यावर कापडाची झाप असते ना. कितीही पडू दे, फट उघडी ठेवता येते."

"मग?"

प्रबोधनं तोंड उघडलं. मिटलं.

"मग का मिटलंस?"

...

धुणं आपटायचा आवाज थांबला होता. प्रबोध राखाडी खोळीची चेन उगाच पुढेमागे करू लागला. चेन आवाज करत होती. त्यानं हात काढून घेतला.

"थंडी..." तो म्हणाला.

भन्ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"नाही... थंडीनंसुद्धा नाही."

त्याचे कान तापले. ओसरीवर दोघांशिवाय कुणी नव्हतं, तरी त्यानं मागे वळून पाहिलं.

"काका हाक मारत होते," तो म्हणाला.

भन्ते थांबले होते. त्यांना घाई नव्हती.

"अंधार पडल्यावर पाऊस सुरू झाला. आम्ही दोघं खडकाच्या आडोशाला होतो. हातभर अंतरावर. थोड्या वेळानं काका म्हणाले, प्रबोध, अरं, पाणी येतंय रं आत. मी ऐकलं. पुन्हा म्हणाले. मग नुसतंच, प्रबोध... प्रबोध... असं."

"तू काय केलंस?"

"चेन वरपर्यंत ओढली."

"ऐकू येऊ नये म्हणून."

"हो."

"का?"

प्रबोधला उत्तर माहीत होतं. ते इतकं लहान होतं की उच्चारायला फार जड जात होतं.

"बाहेर आलो असतो तर... माझी खोळ द्यावी लागली असती."

भन्त्यांनी निळी खोळ मांडीवरून उतरवून खाली ठेवली.

"मग हाका थांबल्या," प्रबोध आपणहून सांगू लागला. आता त्याला थांबता येत नव्हतं. "मला वाटलं, झोपले असतील. खोटं सांगतो... तसं नाही वाटलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. शिट्टी वाजल्यासारखा. चेन लावली तरी ऐकू येत होता. मी जागाच होतो. पहाटेपर्यंत."

"आणि पहाटे?"

"पहाटे बाहेर आलो. काका खडकाला टेकून बसले होते. ओठ काळेनिळे पडलेले. मी... मी त्यांना म्हणालो, काय हे काका, मला उठवायचं नाही का? रागावून म्हणालो."

भन्त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले.

"शिवण गेलेली तुला ठाऊक होती?"

या प्रश्नाची मात्र प्रबोधला खरंच धास्ती होती.

"... होती. दोन पावसाळ्यांपूर्वी मीच भिजलो होतो तिच्यात. काकांनी विचारलं, मला कुठली? मी म्हणालो, ही घ्या, ही ऐसपैस आहे."

भन्ते उठले. खुंटीवरचं उपरण्यासारखं चीवर खांद्यावर घेतलं, चपला पायात सरकवल्या.

"चल."

"कुठे?"

भन्ते पायऱ्या उतरून गेलेसुद्धा. प्रबोध घाईघाईनं खोळी गुंडाळू लागला.

"राहू दे त्या," भन्ते न वळता म्हणाले.

तरी राखाडी त्याच्या हातात राहिलीच. ठेवायचं सुचलं नाही.

वस्तीतून जाताना दारादारातून माणसं हात जोडत होती. "नमो बुद्धाय, भन्ते." भन्त्यांमागून येणाऱ्या प्रबोधलाही कुणी कुणी "जय भीम, दादा" घालत होतं. पाण्याच्या टाकीजवळ एक म्हातारी थांबली. त्याच्या गालावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

"लई पुण्य केलंस पोरा. यादवाला सांभाळून आणलास. तू नसतास तर काय झालं असतं, सांग बरं."

प्रबोधनं भन्त्यांच्या पाठीकडे पाहिलं. भन्ते पुढे चालत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

आपण आत्ताच इथून वळावं, एसटी धरावी, पुण्याला जावं आणि पुन्हा या वस्तीत पाय ठेवू नये, असं त्याला वाटलं. पाय मात्र भन्त्यांच्या मागेच पडत राहिले.

यादवराव खंडागळे खाटेवर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून डॉक्टरांनी असंच बसून राहायला सांगितलं होतं. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवलेला दणकट माणूस. पण गोधडीतून बाहेर आलेली मान आता पाखराच्या मानेसारखी दिसत होती.

शेवंताकाकूंनी भन्त्यांसाठी आसन टाकलं. त्रिवार वंदन करून त्या उठल्या आणि थेट प्रबोधकडे वळल्या.

"ये बाबा. बस हितं. च्या टाकते तुला. भन्त्यांना कोरा करते."

"काकू, नको..."

"नको कसं? ह्या पोरानं आणलं म्हणून मानूस दिसतंय, भन्ते. दोन-दोन ओझी पाठीवर घेऊन, ह्यांना धरून धरून उतरवलं म्हणं घाट."

यादवकाका हसले. हसताना खोकला आला. खोकला ओसरल्यावर म्हणाले, "पोरगं गुणी हाय. मीच येडा. एक-दोन हाका मारल्या ह्याला. मग म्हटलं, जाऊ दे, चालून दमलंय, लहान लेकरावानी गाढ झोपलंय. कशाला मोडायची त्याची झोप..."

एक-दोन हाका. प्रबोधला त्या सगळ्या हाका आठवत होत्या. काका त्या कमी करून सांगत होते. त्याच्यासाठी.

त्यानं भन्त्यांकडे पाहिलं. भन्ते जमिनीकडे पाहत होते. ते बोलणार नव्हते, हे त्याला कळून चुकलं. त्यांनी त्याला इथे आणलं होतं, एवढंच. पुढचं काही त्यांच्याकडून होणार नव्हतं.

चुलीवर आधण ठेवलेलं. काकूंनी साखरेचा डबा उघडला.

"काका," प्रबोध म्हणाला. "मी झोपलो नव्हतो."

"आं?"

"मी जागा होतो. तुमच्या सगळ्या हाका मी ऐकल्या."

यादवकाका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला.

"आणि ती निळी खोळ गळते, तेही मला माहीत होतं. तुम्हाला देतानाच माहीत होतं."

काकूंचा हात डब्यातच राहिला. त्या वळल्या नाहीत. चुलीकडे तोंड करून तशाच बसल्या.

यादवकाकांचा श्वास घरभर ऐकू येत होता.

"जागा हुतास..." ते म्हणाले. मग हळूच, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग सकाळी मला रागं का भरलास?"

प्रबोधच्या जिभेवर आलेलं प्रत्येक वाक्य स्वतःला वाचवणारं होतं, आणि ते त्याला कळत होतं.

तो उठला, खाटेच्या पायथ्याशी गेला, वाकला.

यादवकाकांनी पाय गोधडीत ओढून घेतले.

"जा तू," ते म्हणाले. "मला बोलायला दम न्हाई."

प्रबोध वाकलेला तसाच क्षणभर राहिला. मग सरळ झाला. हातातली राखाडी खोळ त्यानं दाराशी ठेवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि तो बाहेर पडला. काकूंनी आधण चुलीवरून उतरवलेलं त्याला जाता जाता दिसलं.

तो बांधाच्या कडेला उभा राहिला. थोड्या वेळानं भन्ते आले. दोघं चालू लागले.

"भन्ते, ती खोळ मी जाळून टाकायला हवी होती."

"खोळीनं काय केलं?"

...

"मग ती काकांनाच राहू दे. मी यापुढे निळीत झोपेन. जन्मभर."

"तू भिजलास तर यादवराव कोरडे होतील?"

प्रबोधचे डोळे भरून आले. निदान शिक्षा तरी आपल्या हातात आहे असं त्याला वाटत होतं. तीही निसटली.

"महिला मंडळाला मी काय सांगू?"

"काय सांगणार होतास?"

"राखाडी घ्या म्हणून."

"तेच सांग," भन्ते म्हणाले. "खोळ तू बरोबर निवडलीस."

याहून कडू त्याला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

प्रबोध पुण्याला गेला नाही. रजा वाढवली. ऑफिसात खोटं कारण द्यायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. "जवळच्या माणसाला माझ्यामुळे त्रास झालाय" एवढंच सांगितलं. रोज सकाळी तो यादवकाकांच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. काकू त्याला आत ये म्हणायच्या नाहीत, जा असंही म्हणायच्या नाहीत. केरवारे करताना त्याच्या पायांभोवतीनं केरसुणी फिरवायच्या, तो खांब असल्यासारखा.

एकदा औषध संपलं. काकूंनी रिकामी बाटली उंबऱ्यावर ठेवली. कुणाकडे पाहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही. प्रबोध ती उचलून तालुक्याला गेला, नवी आणून त्याच जागी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर दोन रिकामे हंडे होते.

वस्तीत कुणकुण लागायला वेळ लागला नाही. टाकीजवळची म्हातारी आता त्याला पाहिलं की पदर सारखा करून दुसरीकडे बघू लागली. मुलं कुजबुजायची. हंडे भरून नेताना त्याच्या पाठीवर नजरा टोचायच्या. आधी त्याला वाटलं होतं, लोकांना कळलं की निदान छाती हलकी होईल. तसं झालं नाही. लाज रोज नव्यानं यायची. दाढी करताना यायची, जेवताना यायची, कुणी सहज "प्रबोध" अशी हाक मारली तरी यायची.

राखाडी खोळ दाराशी होती तिथेच दोन दिवस पडून होती. मग एका सरीच्या आधी काकूंनी ती उचलून सरपणावर घातली. खालची लाकडं कोरडी राहिली. काकूंनी ती तिथेच ठेवली.

चीवरदानाच्या दिवशी महिला मंडळानं भन्त्यांना तशीच दुसरी खोळ दिली. देण्याआधी मंडळातल्या एकीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, ही खरंच चांगली हाय ना?" हसून विचारलं, पण हसू सरळ नव्हतं.

प्रबोध उभा राहिला. भरल्या विहारात सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. पहिल्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, शाल पांघरून यादवकाका बसले होते. आजारपणानंतर पहिल्यांदाच बाहेर आलेले.

"चांगली आहे," तो म्हणाला. "मी तिच्यात झोपलोय. पाणी येत नाही." तो पुढे म्हणाला, "शेजारचं माणूस भिजतंय, हे तिच्यात पडल्या पडल्या कळतं. कळत नाही असं कुणी म्हणालं तर खरं मानू नका."

तो खाली बसला. यादवकाका समोर बघत होते.

चारिकेच्या सकाळी वस्ती विहारापाशी जमली. प्रबोध रिकाम्या हातानं आला होता. भन्त्यांना वंदन करायचं आणि पहिल्या एसटीनं पुण्याला जायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

"सॅक कुठे तुझी?" भन्त्यांनी विचारलं.

"मी येत नाही, भन्ते."

"का?"

"तुम्ही... तुम्ही मला नेऊ नका. माझ्याबरोबर झोपायला नको कुणी."

भन्ते काही बोलायच्या आत पायरीवरून खोकल्याचा आवाज आला. यादवकाका तिथे बसले होते. त्यांना डॉक्टरांनी घाट चढायची मनाई केली होती. ते प्रबोधकडे न बघता, समोरच्या डोंगराला उद्देशून बोलावं तसं बोलले.

"म्हंजे भन्ते एकटंच जायचं व्हय? आडवी वाट कुठं फुटती ते मी कुणाला दावलं हुतं? झाडाला?"

प्रबोध जागच्या जागी उभा.

"काका..."

"मला काका म्हनू नगंस अजून," यादवकाका म्हणाले. त्यांचा श्वास चढला. तो खाली येईपर्यंत सगळे थांबले. "जरा दम धर. म्हन मग. आधी जा, भन्त्यांना नीट पोचव. ऊन चढायच्या आत निघा."

प्रबोध धावत आजोळघरी गेला. हाताला येईल ते सॅकमध्ये कोंबलं, धापा टाकत परत आला. भन्त्यांनी सॅककडे पाहिलं.

"उघड."

त्यानं उघडली. भन्ते एकेक वस्तू बाहेर काढून पायरीवर ठेवू लागले. चुलीचं डबडं. "गावात जेवण मिळेल." डोक्याला बांधायचा मोठा दिवा. "नको." घडीची खुर्ची. तिच्याकडे पाहून भन्त्यांना थोडं हसू आलं. "ही यादवरावांना राहू दे." कोरे कपडे, जादाचे बूट. "नको. हेही नको."

सॅक खाली बसत गेली. तळाशी निळी खोळ होती. शिवण त्यानं वस्तीतल्या शिंप्याकडे बसून घालून घेतली होती, वरून मेणही घासलं होतं. भन्त्यांनी तिला हात लावला नाही.

प्रबोधनं सॅकचे बंद आवळले. सॅक पाठीवर घेताना त्याची नजर पायरीकडे गेली. यादवकाका आता त्या घडीच्या खुर्चीत बसले होते. दोघांची नजरानजर झाली. प्रबोधला ती सोसवली नाही. त्यानं मान खाली घातली.

लोक "नमो बुद्धाय" म्हणत होते. भन्ते चालू लागले, तो मागून चालू लागला. टाकी मागे पडली. शेवटचं घर मागे पडलं. घाटाची पहिली चढण लागली तेव्हा तो हळूच बोलला.

"भन्ते... मला वाटलं होतं, सांगून टाकलं की जाईल. हंडे भरले की जाईल. काका बोलले की जाईल."

भन्ते चढत होते.

"काका बोलले, भन्ते. तरी लाज जात नाही माझी. तशीच आहे... अंगावर."

भन्ते थांबले. भिक्षापात्राची पट्टी एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर घेतली.

"ती मात्र असू दे," ते म्हणाले. "वर थंडी फार असते."